घरच्या मैदानाचा फायदा कुणामुळे, प्रेक्षकांमुळे की पंचांमुळे?

शिट्टीबाज (धागाकर्ता)

करोनाकाळात रिकाम्या स्टेडियममध्ये जे फुटबॉल झालं त्यावर बोलायचं आहे. माझं मत असं की घरच्या मैदानाचा जो फायदा म्हणतात, त्यातला मोठा वाटा पंचाच्या शिट्टीत असतो, खेळाडूंच्या पायात नाही. पन्नास हजार लोक एका सुरात ओरडतात तेव्हा यजमान संघाला बरं वाटतं, पाहुण्यांना त्याची सवय असते. पंचाच्या बाजूने ओरडणारं मात्र मैदानात कुणीच नसतं.

आधी आकडे. प्रीमियर लीगचा २०२०-२१ चा हंगाम जवळपास पूर्ण रिकाम्या स्टँडसमोर झाला. ३८० सामन्यांत यजमान १४४ जिंकले, पाहुणे १५३. इंग्लंडच्या अव्वल लीगच्या इतिहासात पाहुणे यजमानांच्या पुढे कधीच गेले नव्हते. जर्मनीची बुंदेसलीगा १६ मे २०२० ला परत सुरू झाली. त्याआधी यजमान साधारण ४३ टक्के सामने जिंकत होते, नंतर ते प्रमाण एक तृतीयांशावर आलं.

हे पंचामुळे झालं असं का म्हणतो? २००२ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले टॅकल टीव्हीवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. टॅकल तेच होते. स्पेनच्या लीगचा अभ्यास सांगतो की यजमान एका गोलने पुढे असले तर पंच भरपाई वेळ कमी देतात, मागे असले तर जास्त. आणि इटलीत फेब्रुवारी २००७ मध्ये कतानियातल्या दंगलीत एक पोलीस अधिकारी गेला, त्यानंतर असुरक्षित स्टेडियम प्रेक्षकांना बंद झाली. दोन स्वीडिश अर्थतज्ज्ञांनी ते सामने तपासले. खेळाडूंच्या खेळात फरक सापडला नाही, पंचांच्या निर्णयांत सापडला.

कॉपवाला

नाही पटलं. मी लिव्हरपूलचा माणूस, तो हंगाम डोळ्यांनी बघितलाय. एप्रिल २०१७ पासून ६८ लीग सामने आमच्या घरच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर कुणी हरवू शकलं नव्हतं. २१ जानेवारी २०२१ ला बर्नली १-० ने जिंकून गेली. मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलम. घरी सलग सहा पराभव! एव्हर्टन तर तिथे १९९९ नंतर पहिल्यांदा जिंकली. सिटीविरुद्ध अलिसनने काही मिनिटांच्या अंतराने दोनदा चेंडू सरळ समोरच्याच्या पायात दिला आणि दोन्ही वेळा गोल झाला. यात पंच कुठून आला?

आणि उलट बाजू बघा. ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, बार्सिलोना पहिला सामना ३-० ने जिंकून आमच्याकडे आलेली, आणि आम्ही ४-० ने उलटवलं. त्या रात्रीचा चौथा गोल आठवतो ना? अलेक्झांडर-अरनॉल्ड कॉर्नरपासून दोन पावलं दूर गेला, पटकन मागे फिरला आणि चेंडू आत टाकला. बार्साचे बचावपटू पाठमोरे, कुणी गवताकडे बघतंय, कुणी एकमेकांकडे. ओरिगी एकटाच जागा होता. इतके मातब्बर खेळाडू असे गाफील सापडतात ते त्या आवाजाने. पाहुण्यांना सवय असते म्हणता, मग मेस्सीच्या संघाला नव्हती?

आकडेमोड

कॉपवाला, २०२०-२१ ला व्हान डाइक, गोमेझ, मातिप हे तुमचे मुख्य बचावपटू तिघंही जखमी होते. मधल्या फळीतले हेंडरसन आणि फाबिन्यो त्यांच्या जागी खेळत होते. ते पराभव प्रेक्षकांच्या खात्यावर कसे टाकणार? बुंदेसलीगा परत सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी डॉर्टमुंडने रिकाम्या मैदानात शाल्केला ४-० धुतलं. मग प्रेक्षक नसले की यजमान जिंकतात म्हणायचं का? एका संघावरून काहीच ठरत नाही.

शिट्टीबाज, तुमचीही बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. करोनाकाळातल्या १७ देशांतल्या २३ लीगांचा एकत्र अभ्यास झालाय. पाहुण्यांची पिवळी कार्डं सामन्यामागे साधारण एक तृतीयांश कार्डाने कमी झाली, हे खरं. पण सामन्याच्या निकालावर ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे शिट्टी बदलली, गुणतक्ता फारसा नाही. तुमच्या मांडणीतली शेवटची पायरीच गळतेय.

शिवाय तो हंगाम सप्टेंबरात सुरू झाला, सरावाला वेळ नाही, आठवड्याला तीन-तीन सामने. बुंदेसलीगात त्याच वेळी तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाली. इतकं सगळं एकदम बदललं असताना दोष एकट्या रिकाम्या खुर्च्यांना देता येत नाही.

मडगावकर

गोव्याचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी दोन वर्षं अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यात झाली. मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. बाकीचे संघ परक्या राज्यात, फक्त एफसी गोवा आपल्या राज्यात, आपल्या फातोर्ड्यावर. हवा ओळखीची, गवत ओळखीचं, ड्रेसिंग रूम ओळखीची. तरी पहिल्या वर्षी चौथे आणि दुसऱ्या वर्षी अकरा संघांत नववे. पहिल्या वर्षी शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला मिळते ती) आणि करंडक दोन्ही नेले मुंबई सिटीने, ज्यांचं इथे काहीच नव्हतं.

एरवी एफसी गोवाची मॅच असली की संध्याकाळपासून मडगावात केशरी टी-शर्ट दिसायला लागतात. त्या दोन वर्षांत फक्त दिवे लागलेले असायचे, बाहेर पोलीस. टीव्हीवर खेळाडूंच्या हाका आणि प्रशिक्षकाच्या शिव्या स्पष्ट ऐकू यायच्या. मैदान तेच होतं, पण आपली माणसं नाहीत तर ते घर कसलं?

निळी जर्सी

मडगावकर, २० मार्च २०२२ ची केरळ ब्लास्टर्स-हैदराबाद फायनल विसरलात का? प्रेक्षकांना परवानगी मिळाली आणि फातोर्डा केरळवाल्यांनी पिवळं करून टाकलं. राहुलच्या गोलने ब्लास्टर्स पुढेही गेले. ८८व्या मिनिटाला हैदराबादसाठी बरोबरी केली साहिल ताव्होराने, गोव्याचा. पेनल्टीत तीन फटके अडवले लक्ष्मीकांत कट्टीमणीने, तोही गोव्याचा. आवाज सगळा केरळचा होता, पण जिंकवलं या मातीत वाढलेल्या पोरांनी. आवाजाने करंडक मिळत असता तर तो त्या रात्री कोचीला गेला असता.

तालमीतला

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल सगळे एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. प्रवास नाही, अनोळखी गवत नाही. कुणाला काही फायदा असलाच तर तो त्या दिवशी जास्त माणसं आणणाऱ्याला. मी स्थानिक स्पर्धांत लाइनवर, झेंडा घेऊन सहायक पंच म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे शिट्टीबाजांचं म्हणणं मला अंगावरून गेलेलं आहे. चेंडू रेषेबाहेर गेला, दोघांच्या पायाला लागल्यासारखा वाटला. तुम्ही नक्की बघितलेलं नसतं. पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, हजार माणसं एका बाजूचं नाव घेऊन ओरडतात. झेंडा वर जाण्याआधी डोक्यात एक उत्तर येऊन बसलेलं असतं आणि ते तुमचं स्वतःचं आहे असंच वाटतं. कुणी विकलं गेलेलं नसतं, कुणी घाबरलेलंही नसतं. माहिती अपुरी असते आणि आवाज ती भरून काढतो. सामनाभर असे पाच-सहा थ्रो-इन एकीकडे गेले की खेळ त्या बाजूला सरकतो.

शिट्टीबाज

तालमीतला, अगदी हेच.

आकडेमोड, गर्दीचं वेळापत्रक दोन्ही संघांना सारखंच होतं, ते एकट्या यजमानांना का नडेल? पाच बदली खेळाडूंचं म्हणाल तर प्रीमियर लीगने २०२०-२१ ला परत तीनवरच नेलं होतं, आणि सगळ्यात उलटा निकाल तिथलाच. प्रेक्षक परतल्यावर यजमानांचे विजय २०२१-२२ ला ४३ टक्क्यांच्या आसपास गेले, २०२२-२३ ला ४८. आणखी एक बघा. जून २०२१ मध्ये युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) दोन सामन्यांच्या लढतीत बरोबरी झाली तर परक्या मैदानावरच्या गोलला जास्त किंमत देणारा नियम रद्द केला, तेव्हा त्यांनीच सांगितलं की सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून यजमानांचे विजय ६१ टक्क्यांवरून ४७ वर आलेत. प्रेक्षक काही तितके कमी झाले नाहीत. पंचावरचे कॅमेरे वाढले.

आकडेमोड

त्याच काळात प्रवास सुखाचा झाला आणि मैदानं एकसारखी झाली, ते सोयीस्करपणे सोडलंत. आणि कॅमेऱ्यांनी एवढा फरक पडतो तर व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचाचे निर्णय तपासणारी व्यवस्था) आल्यावर यजमानांचा फायदा संपायला हवा होता. प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर २०१९ पासून आहे, आणि तुमचेच ४८ टक्के त्यानंतरचे आहेत.

शिट्टीबाज

कारण व्हीएआर त्या हंगामांत बघत होता काय? गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, एवढंच. मधल्या फळीतला साधा फाउल, पिवळं कार्ड, थ्रो-इन, भरपाईची मिनिटं यातलं काहीही त्याच्याकडे जात नव्हतं. तुम्ही दिलेल्या २३ लीगांच्या अभ्यासात प्रेक्षक गेल्यावर बदललं ते नेमकं पिवळं कार्डच.