नाकाचा स्वॅब निगेटिव्ह, तरी हृदयात विषाणू निघाला. काहून?

लॅब_अर्जुनीमोरगाव

७ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं. जनुकांत दहा बदल केलेलं, बंदिस्त जागेत वाढवलेलं डुक्कर होतं. ८ मार्चला ते गेले. नंतर जाहीर झालं की त्या हृदयासोबत डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे पीसीएमव्ही, त्यांच्या शरीरात गेला होता. डुकराचा नाकाचा स्वॅब मात्र आधी पीसीआरवर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत, निगेटिव्ह होता. मग पीसीआर चुकला का? आणि आपल्या धानपट्ट्यात गावोगाव जी डुकरं फिरतात, त्यांच्यापासून हा विषाणू माणसाला लागतो का? गावात लोकं विचारतात, त्यांना नेमकं सांगायचं आहे.

सूक्ष्मजीव_वर्धा

पीसीआर चुकला नाही जी, नमुना चुकला. हा हर्पिस कुळातला विषाणू आहे, आणि या कुळातला कोणताही विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम करतो. लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो, तसंच हे. पिल्लाला पीसीएमव्ही बहुतेक वेळा आईच्या नाकातल्या स्रावातून लागतो. तेव्हाचे काही आठवडे विषाणू नाकातून भरपूर बाहेर पडतो, त्या दिवसांत स्वॅब घेतला तर सापडतो. डुक्कर मोठं झालं की तो पेशींमध्ये सुप्त होऊन बसतो. नाकात काही नाही, रक्तातही पीसीआरच्या पकडीत येईल इतका डीएनए नाही. अवयव काढायच्या वयाच्या डुकराचा नुसता स्वॅब घेणं म्हणजे पेरणी झाल्यावर कणगीत बियाणं शोधणं.

अशा वेळी विषाणू शोधू नका, प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं, शोधा. विषाणू लपला तरी प्रतिपिंडं रक्तात टिकतात. विषाणूच्या आवरणावरच्या ग्लायकोप्रोटीन बीचे तुकडे वापरून एलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडं पकडणाऱ्या चाचण्या करतात. सोबत रक्ताचा पीसीआर हवाच, कारण नुकत्याच लागण झालेल्या जनावरात प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात. एकट्या कोणत्याही चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

नावावर जाऊ नका, हेही सांगतो. नाव सायटोमेगॅलो असलं तरी नात्यानं हा माणसाच्या सायटोमेगॅलोव्हायरसपेक्षा (सीएमव्ही) माणसाच्याच एचएचव्ही-६ आणि ७ या हर्पिस विषाणूंना जवळचा आहे. त्यामुळं माणसाच्या सीएमव्हीचं किट लावलं तर तो दिसणारच नाही. डुकराच्या विषाणूसाठी प्राइमर, म्हणजे पीसीआरला नेमका विषाणू हेरून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, वेगळे लागतात.

पशुवैद्यक_भंडारा

वरच्या उत्तरात एक भर. पिल्लात प्रतिपिंडं सापडली की लगेच लागण धरायची नाही. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडं गर्भात जात नाहीत. पिल्लाला ती मिळतात चिकातून, तीही पहिल्या दिवसभरात. म्हणजे चीक प्यालेल्या पिल्लात दिसणारी प्रतिपिंडं आईची असू शकतात. ती हळूहळू उतरतात. म्हणून त्याच पिल्लाचं रक्त ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा घ्यायचं. प्रमाण उतरत शून्यावर गेलं तर आईची होती, पुन्हा चढलं तर पिल्लाला लागण झाली. चीक पाजण्याआधीच्या रक्तात प्रतिपिंडं असतील तर लागण पोटातच झाली, असा सरळ अर्थ.

हा विषाणू कळपातून काढता येतो, हे फार महत्त्वाचं आहे. पिल्लं आईपासून खूप लवकर तोडून हातानं, बाटलीनं वाढवली की बरीचशी साखळी तुटते. सिझेरियन करून पिल्लं काढली तर आणखी चांगलं. पण एकही लागण झालेलं जनावर आत राहिलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. माणसंही वाड्यात जाताना आंघोळ करून, कपडे-बूट बदलूनच जातात. डुकराचेच लिम्फोट्रॉपिक (पांढऱ्या रक्तपेशींत राहणारे) हर्पिस विषाणू मात्र जास्त चिवट आहेत, या उपायांनी ते हमखास जात नाहीत.

प्रत्यारोपण_नागपूर

रुग्णाच्या बाजूनं सांगतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात, आणि या विषाणूची ओळख माणसाच्या शरीराला मुळात नसते. सुप्त विषाणूला उठायला याहून सोयीची जागा नाही. बेनेट यांच्या रक्तातल्या सुट्या, म्हणजे पेशींबाहेर तरंगणाऱ्या, डीएनएच्या चाचणीत तो विसाव्या दिवशी पहिल्यांदा, अगदी कमी प्रमाणात, दिसला. पुढं तो वाढत गेला.

त्यानं माणसाच्या पेशींना लागण केली असं सिद्ध झालेलं नाही, आणि मृत्यूचं एकच कारण म्हणून त्याच्याकडं बोट दाखवता येत नाही. पण तो निरुपद्रवी म्हणणं चूक ठरेल. जर्मनीत बबून माकडांना डुकराची हृदयं बसवली, तेव्हा विषाणू असलेली हृदयं ३० दिवसही चालली नाहीत. विषाणू नसलेली १९५ दिवसांपर्यंत चालली. विषाणू असलेल्या माकडांत दाह वाढवणारी रसायनं चढली आणि रक्त गोठण्याचा तोल बिघडला.

औषधाचाही घोळ आहे. सीएमव्हीसाठी आपण सर्रास वापरतो ते गॅन्सिक्लोव्हिर याच्यावर नेहमीच्या मात्रेत फारसं चालत नाही. सिडोफोव्हिर आणि फॉस्कार्नेट जास्त चालतात, पण दोन्ही किडनीला त्रास देतात. किडनीच बसवली असेल तर डॉक्टर दोन्हीकडून अडकतो. म्हणून खरा उपाय ऑपरेशनच्या आधी, डुकराच्या वाड्यातच.

लॅब_अर्जुनीमोरगाव

नमुना पाठवायची वेळ आली तर कोणत्या ट्यूबमध्ये? आणि गावच्या डुकरांचं राहिलं.

सूक्ष्मजीव_वर्धा

पीसीआरला जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं आणि खोटं निगेटिव्ह येतं. प्रतिपिंडांना लाल टोपणाची साधी ट्यूब. गोठू द्या, सीरम वेगळं करा, मग २ ते ८ अंशांत पाठवा. प्रत्येक पीसीआरमध्ये अंतर्गत कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली का हे दाखवणारा नमुना, टाका. कंट्रोलच उमटला नाही तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नव्हे, बाद.

पशुवैद्यक_भंडारा

गावच्या डुकरांबद्दल. पीसीएमव्ही जगभरच्या कळपांत सर्रास असतो, त्यामुळं आपल्याकडंही आहे असंच धरून चाला. पण डुकरं पाळून किंवा मटण खाऊन त्याचा आजार माणसाला होतो असं नाही. अवयव शरीरात बसवणं ही वेगळीच गोष्ट आहे. आपल्याकडं डुकरांची काळजी करायची ती जपानी मेंदूज्वरासाठी. डुकराच्या रक्तात तो विषाणू वाढतो, धानाच्या बांधीत वाढणारे क्युलेक्स डास तो उचलतात आणि लेकरांना चावतात. डुकरांचे वाडे घरांपासून दूर न्या, लेकरांना मच्छरदाणीत झोपवा, लस चुकवू नका. शिवाय मटण पूर्ण शिजवा, नाहीतर फीतकृमी आणि हिपॅटायटिस ई, दोन्ही त्यातून येऊ शकतात.