रेल्वेनं जाऊन नदीत कनू (वल्ह्यानं चालवायची लांबट होडी) घातलेले कोण आहात? अनुभव सांगा (बेळगाव-खानापूर-लोंढा साईड)

टिळकवाडी, दुसऱ्या गेटाजवळनं लिहितोय. आम्ही तिघं डिसेंबरात फुगवायची कनू घेऊन रेल्वेनं जायचं आणि दोन दिवस जंगलातनं वल्हवत जायचं म्हणून ठरवालोय. कार नको, कारण नदीत उतरणार एकीकडं आणि बाहेर पडणार भलतीकडं, मग कार आणायला परत कोण जाणार? खरं नकाशा पसरला की एकजण मलप्रभा म्हणतोय आणि दुसरा काळी. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, फजिती झाली असली तर आधी ती सांगा.

खानापूरकर
मलप्रभा आमच्या परड्यामागनं जाते म्हणूनच सांगतो, डिसेंबरात नको. उगम कणकुंबीला, तिकडं पाऊस धो धो, जुलैत पुलावरनं बघितलं तर छाती दडपते, खरं पाऊस थांबला की पाणी खडकात जाऊन बसतंय. एकदा दिवाळीनंतर मी आणि भाऊ दोन ट्यूबवर फळी बांधून उतरलो. जेवढं वल्हवलं त्याच्या तिप्पट उचलून चाललो. बंधाऱ्यावर धुणं धूत होत्या त्यातली एक मावशी म्हणाली, "बाळांनो, नदी तुम्हाला न्यायलीय का तुम्ही नदीला?"

रामनगरची लेक
काळीबद्दल मी लिहिते. आजीचं गाव सुपा, धरणात गेलेलं, म्हणून आमच्याकडं ही नदी म्हटली की पिकनिक आठवत नाही. लोंढ्याला उतरा, रामनगरवरनं गणेशगुडीला या, इथवर सोपं आहे. पुढचं नीट वाचा. सुपा धरणाची भिंत 101 मीटर उंच, पायथ्याला वीजघर, त्यात 50-50 मेगावॅटची दोन यंत्रं. ती चालली की खाली पाणी, थांबली की नुसते खडक. आभाळात ढग नसताना नदी चढते ते ह्यामुळं.

आम्ही कनू एका मुळीला बांधून खडकावर भाकरी-ठेचा खायला बसलो होतो. आवाज काहीच बदलला नाही. आधी समोरच्या खडकावरची शेवाळाची हिरवी पट्टी दिसेनाशी झाली, मला वाटलं ऊन फिरलं असेल, मग वहिनींची एक चप्पल गोल गोल फिरत निघाली तेव्हा सगळे उठलो. डबा गेला, कनू वाचली, कारण मुळी वर होती. तेव्हापासनं मी खडकावरचा पाण्याचा डाग बघते आणि त्याच्या वरच बांधते, आणि निघायच्या आधी तिथल्या राफ्टवाल्या पोरांना काल पाणी किती वाजता सोडलं ते विचारते. दांडेलीजवळ मगरी आहेत, तिथं पाण्यात पाय सोडून फोटो काढू नका. बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो, वनखात्याला विचारल्याशिवाय काठावर तंबू ठोकायचाच नाही. आमच्या ओळखीतल्या एकाला "काही होत नाही" म्हणून कुणीतरी सांगितलं आणि रात्री अकराला तंबू गुंडाळून रस्त्यावर यावं लागलं.

अनारक्षित
सामानाचं बघा. स्लीपरला 40 किलो, सेकंडला 35 किलो फुकट नेता येतं. अखंड कनू पाच मीटरची असते, ती डब्यात कोण घेणार? फुगवायचीच न्या. वल्ही मात्र दोन तुकड्यांची घ्या, आमचं अखंड होतं, लोंढ्याला उतरताना एका आजोबांची टोपी उडवली आणि पुढचा अर्धा प्लॅटफॉर्म शिव्या खाल्ल्या. दांडेलीला अळणावर-आंबेवाडी लाईन आहे, 2019 मध्ये पॅसेंजर परत सुरू केली होती, आत्ता चालू आहे का ते स्टेशनवर विचारून निघा.

शहापूर ते सडबरी
मूळ शहापूरचा, सध्या कॅनडात, ऑन्टारिओत. इथं सडबरी ते व्हाइट रिव्हर एक छोटी डिझेल गाडी जाते, सामानाच्या डब्यात कनू घालून नेतात आणि कंडक्टरला आधी सांगून ठेवलं तर जंगलात मध्येच उतरवतात. आम्ही बिस्कोटासिंगला उतरून स्पॅनिश नदी केली. गाडी गेली आणि मागं फक्त डास, दुसरं कोणी नाही. ती नदी दक्षिणेला ह्युरॉन सरोवराकडं जाते, परतीला रेल्वे नाही, म्हणून कार आधी खालच्या टोकाला लावून मग गाडीनं वर जायचं. तुमच्या कारच्या प्रश्नाला हेच उत्तर. मिसिनाइबी नदीचं उलटं, पार मूसोनीपर्यंत वल्हवत जायचं, तिथं रस्ताच पोचत नाही, मग पोलर बेअर एक्स्प्रेसनं कॉक्रेनला परत. सडबरीच्या गाडीचे रूळ मालगाडीवाल्यांचे, त्यांची गाडी आली की आपली बाजूला उभी, म्हणून एक दिवसाचं जेवण जास्तीचं बांधतो. आमचा जास्तीचा दिवस बेळगावच्या कुंद्यावर निघाला.

काहिलवाला
कुडचीकडचा. जंगल नाही, ऊस आहे. 2019 च्या पुरात गुळाच्या काहिलीत (रस आटवायची मोठी कढई) बसून माणसं काढलेली बघितलीत. काहिलीला पुढं-मागं नसतं, एका बाजूनं जोर लावला की जागच्या जागी गरगर फिरते, दोघांनी समोरासमोर बसून आळीपाळीनं मारायचं. तुमची कनू फुगवायची आहे ना, मग पंक्चरचं सामान घ्या, बाभळीचा काटा काठाकाठानं असतोय.

टिळकवाडी (धागा काढलेला)
मलप्रभा रद्द. काळी, खरं एकच दिवस, गणेशगुडीलाच उतरायचं आणि तिथंच बाहेर, मुक्काम रामनगरात. तंबूचा नाद सोडला, आईनं वरचं सगळं वाचलंय. दोन तुकड्यांची वल्ही कोणाकडं आहेत काय? भाडं देतो.