गुडघा दुखतो, वाजतो: तुमच्याकडे कारण काय निघालं?

आईचा गुडघा कटकट वाजतो. शेजारच्या काकूंनी 'वंगण संपलंय' असं निदान केल्यापासून घरात तुपाचा खप वाढलाय. तुमचे अनुभव लिहा: कधी दुखतं, नेमकं कुठे, शेवटी काय निघालं. औषधांची नावं नकोत.

डोंगरवेडी: सिंहगड चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ. ऑफिसात बराच वेळ बसून उठलं की तेच. एक्स-रे स्वच्छ! फिजिओने सांगितलं, वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कमजोर असले की तिच्यावर नको तिथे दाब येतो. उताणं झोपून पाय सरळ उचला, कुशीवर झोपून वरचा पाय उचला, असले कंटाळवाणे व्यायाम दिले. दोनेक महिन्यांनी दुखणं गेलं. आवाज आहे तसाच आहे. फिजिओ म्हणते, दुखत नाही, सूज नाही, तर वाजू दे. सांध्यातल्या पाण्यात वायूचे बुडबुडे होतात, त्यानेही वाजतं म्हणे.

चढाईपटू: आमच्या धाकट्याचा आवाज वेगळा होता. कबड्डीत पाय रोवलेला, अंग वळलं आणि फट्! संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. चार दिवसांनी सूज उतरली, पण वळताना गुडघा निसटायचा. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा आतून बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलं. असा आवाज आणि लगेच सूज आली, तर कुणाला ओढून 'बसवायला' देऊ नका.

माजघर: माझी झीज. सकाळी आखडतो, पंधरा-वीस मिनिटांत मोकळा होतो. वाटीवर हात ठेवला की करकर हाताला लागते. एक्स-रे उभं राहून काढा. झोपून काढला तर हाडांमधली फट किती कमी झालीय ते नीट कळत नाही. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, हे ऐकून मी रात्रीचा भात सोडला. पाटावर बसणंही सोडलं. ते जास्त जड गेलं.

नाशिककर: सासऱ्यांचा गुडघा दुखायचा, तेल चोळून झालं, पट्टा झाला. निघालं खुब्याचं! खुब्याची कळ गुडघ्यात उतरते, हे आम्हाला कुठे ठाऊक.

धागाकर्ती: माजघर, आईचा सकाळी तास-दीड तास सुटत नाही. हल्ली बोटंही सुजतात, दोन्ही हातांची.

डॉक्टर_रजेवर: मग नुसती झीज धरून बसू नका. इतका वेळ आखडणं आणि दोन्ही हातांच्या बोटांना सूज म्हणजे आमवाताची (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) शंका घ्यायला हवी. रक्ततपासणी करा, जमल्यास ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला (अशा सांधेविकारांच्या तज्ज्ञाला) दाखवा, आणि लवकर. त्यात सांध्याचं नुकसान सुरुवातीलाच रोखता येतं.

धागाकर्ती: सोमवारची वेळ घेतली.