प्रिंटेड कॅनव्हास ताणताना पिना मध्यापासून मारा
काही जण सांगतात की प्रिंटेड कॅनव्हास लाकडी फ्रेमवर ताणताना आधी एका बाजूला सगळ्या पिना मारून घ्यायच्या आणि मग समोरची बाजू ओढायची, पण गडबड तिथेच होते हो, चित्र तिरकं जातं आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, समोरासमोर, आणि मग थोडं थोडं कोपऱ्यांकडे सरका, कोपरे अगदी शेवटी. त्याआधी फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे नसतील तर फ्रेमच काटकोनात नाही.

आणि प्लीज, प्रिंट पक्कडीने जीव खाऊन ओढू नका, फ्रेमच्या कडेवर कॅनव्हास दुमडतो त्या घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसायला लागते, माझी एक सुंदर प्रिंट अशीच गेली, अजून वाईट वाटतं. आता मी आधी वॉर्निश मारून पूर्ण वाळू देते, मगच घडी. चारही बाजूंना फ्रेमच्या लाकडी पट्टीच्या जाडीपेक्षा दीडेक इंच जास्त कॅनव्हास ठेवा. पट्टी पुढून आतल्या बाजूला उतरती हवी, नाहीतर तिचा ठसा समोर उमटतो. ढिला कॅनव्हास ताठ करायला मागून पाणी शिंपडायची युक्ती इंकजेट प्रिंटवर नकोच.