सेव्हन टाइप गाडी बनवतोय, बाबा म्हणतात इंजिन फियाटचंच... काय करू?

कोलशेतकर:
नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

लोटस सेव्हनसारखी दोन सीटची उघडी गाडी बनवायला घेतलीय. बाहेरून तयार किट मागवणं आपल्या खिशाचं काम नाही म्हणून चेसिसपासून सगळं स्वतःच. मित्राचा रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा गाळा आहे, दर रविवारी ऐरोली पुलावरून तिथे जातो, एक इंची चौकोनी पाइप 16 गेजचा कळंबोलीवरून आणला, सीओटू वेल्डिंग मित्र करतो आणि मी ग्राइंडर मारतो (आणि चहा आणतो). फ्रेमचा खालचा भाग झालाय. आता पुढचं काही कापायच्या आधी इंजिन ठरलंच पाहिजे, कारण माउंटिंग, टनेल, पेडल बॉक्स सगळं त्यावर. आणि गाडी अडलीय ती इथेच, म्हणजे घरात.

आमचं घर फियाटवालं. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली पद्मिनी, मग उनो, मग पालिओ. पद्मिनी अजून सोसायटीत खाली उभी आहे, फ्लोअर ठाण्याच्या पावसाने खाल्लाय, मागच्या सीटवर बसलं की पायाखालचे पेव्हर ब्लॉक दिसतात, पण बाबा महिन्यातून एकदा चोक ओढून तिला स्टार्ट करतात आणि सेक्रेटरी गॅलरीत येऊन उभा राहतो. मी म्हटलं मारुती जिप्सीचं 1.3 लिटरचं इंजिन बघतोय, तर म्हणाले, खाली चालू इंजिन असताना मारुतीचं कशाला, आणि दुसऱ्याचं काळीज घातलेल्या गाडीत मी बसणार नाही. गंमत नाही, खरंच नाही बसणार, मी ओळखतो त्यांना.

तर पद्मिनीचं 1089 सीसी टाकू, जिप्सी टाकू, की तिसरंच काही? खर्च माफक ठेवायचाय.

व्हीटेक_वाशी:
भावा यात विचार काय करायचा, जुन्या सिटीचं 1.5 व्हीटेक उचल. शंभरच्या वर घोडे, फिरतं असं की अंगावर काटा येतो. होंडा सोडून बाकी सगळी पाण्याची पंपं आहेत. मी तीन होंडा वापरल्या, एकदाही रस्त्यात उभा राहिलो नाही.

रबाळे_मिस्त्री:
वाशीकर, इंजिन झकास आहे, वादच नाही, पण तो सेव्हन बनवतोय, इंजिन पुढे उभं (गाडीच्या लांबीत) आणि ड्राइव्ह मागे. तुझ्या सिटीचं डी-सिरीज इंजिन फिरतं कुठल्या बाजूला ते बघितलंस का कधी? बहुतेक इंजिनं पुलीकडून बघितली तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, होंडाची ही जुनी सिरीज उलटी. तिला साध्या रिअर व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सला जोडलंस तर पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड मिळेल. डिफरन्शियल उलटं बसवून जमवतात काही जण, पण मग त्यातले क्राउन-पिनियन गिअर कायम चुकीच्या तोंडावर लोड घेतं. पाठीमागे इंजिन असलेली गाडी बनवत असता तर सिटीचं इंजिन-गिअरबॉक्स एकत्र उचलून मागे ठेवलं असतं, तेव्हा तुझंच ऐकलं असतं. होंडानेच पुढे के-सिरीज काढली ती बाकीच्यांसारखी फिरते, पण ती मिळणार कुठे आणि कितीला.

व्हीटेक_वाशी:
हे माहीत नव्हतं. तरी होंडाच.

सुझुकी_खारघर:
जिप्सी घे आणि विषय संपव. पार्ट कुठेही मिळतो, गल्लीतला मेकॅनिक पण डोळे मिटून खोलतो. फियाटचं नाव काढू नका, माझ्या मामांकडे होती, गाडीपेक्षा सर्व्हिस सेंटरवर जास्त प्रेम होतं त्यांचं, रोज तिथेच. आमच्याकडे 800, झेन, आता स्विफ्ट डिझेल, अडीच लाख किमी झाले, इंजिनला हात लावला नाही. याला म्हणतात इंजिन.

कोलशेतकर:
दादा, स्विफ्ट डिझेलचं 1248 सीसी इंजिन फियाटचं मल्टिजेट आहे 😄 मारुतीने डीडीआयएस नाव दिलं, टाटाने क्वाड्राजेट. तुमची अडीच लाखांची पावती आज बाबांना वाचून दाखवतो.

सुझुकी_खारघर:
बनवलं मानेसरला ना? मग आमचंच. (ओके, हा तुझा पॉइंट.)

घोडबंदर_काका:
वाचून मजा आली. बाबांना माझा नमस्कार सांग, आमच्याही घरी पद्मिनीच होती, त्यामुळे त्यांची बाजू कळते. पण त्यांना एक आठवण करून दे. प्रीमियरने 1985 च्या सुमारास 118एनई काढली, बॉडी फियाट 124 ची आणि आत इंजिन-गिअरबॉक्स निस्सानचा, 1171 सीसी. प्रीमियरच्या कारखान्यातूनच दुसऱ्याचं काळीज घातलेली गाडी बाहेर पडत होती आणि आपण सगळे तिला नवी फियाट म्हणून वळून बघत होतो. काँटेसा तरी काय, व्हॉक्सहॉलचा सांगाडा आणि इसुझूचं 1800.

आणि ज्या गाडीची तू नक्कल करतोयस तिचं ऐक. लोटसच्या चॅपमनने 1957 ला सेव्हन आणली, तिच्यात लोटसचं स्वतःचं इंजिन नव्हतंच. फोर्डचं 1172 सीसी साइडव्हॉल्व्ह, 40 बीएचपीच्या आसपास, म्हणजे तुमच्या पद्मिनीएवढंच, आणि कोणाला हवं असेल तर दुसऱ्या कंपनीचं. किट म्हणून विकली की इंग्लंडमध्ये पर्चेस टॅक्स लागत नसे, म्हणून गाडी सुट्ट्या भागांत विकायची. जोडणीची माहिती द्यायला बंदी होती म्हणून 'गाडी कशी खोलावी' याची माहिती द्यायचे आणि ती उलटी वाचा म्हणायचे अशी एक गोष्ट सांगतात, खरी असो नसो, मला आवडते. 1973 पासून कॅटरहॅम ती गाडी बनवतंय, त्यांनी फोर्ड वापरलं, रोव्हर वापरलं, आणि 2013 ला आणलेल्या छोट्या मॉडेलमध्ये सुझुकीचं 660 सीसी टर्बो टाकलं, 80 बीएचपी आणि गाडी 500 किलोच्या आत. खारघरवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

अमेरिकेत या बाबतीत आपल्यापेक्षा वेडे लोक आहेत हो. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या रेप्लिकात शेवरोलेचं व्ही8 टाकलं तर मीटला लोक बॉनेट उघडून बघतात आणि न बोलता निघून जातात, फोर्डच हवं. आणि मूळ कोब्रा म्हणजे काय, इंग्लंडच्या एसी कंपनीची गाडी, तिच्यात आधी ब्रिस्टॉलचं इंजिन असायचं जे मुळात बीएमडब्ल्यूच्या डिझाइनवरून आलेलं, आणि कोब्रा बनवणारा शेल्बी फोर्डकडे जायच्या आधी शेवरोलेच्या दारात जाऊन आला होता म्हणतात. त्यांनी हो म्हटलं असतं तर आज तेच लोक फोर्डवाल्याकडे बघून निघून गेले असते.

बाइकवाला_कळवा:
केटीएम 390 चं इंजिन? हलकं, गिअर सिक्वेन्शियल.

रबाळे_मिस्त्री:
दोन माणसं बसवून? रिव्हर्स नाही, चेनची भानगड, आणि लांब वळणावर इंजिनच्या तळाच्या सम्पमधलं तेल बाजूला पळतं ते वेगळंच, बाइक झुकते, गाडी झुकत नाही. कॉलेजची पोरं फॉर्म्युला स्टुडंटला वापरतात ती एका माणसाची गाडी असते.

एमएच43_पेपरवाला:
सगळे इंजिनवर भांडताय, गाडी चालवणार कुठे हे कोणी विचारलं का? अशी घरी बनवलेली गाडी आपल्याकडे पासिंग होत नाही. नवं मॉडेल म्हटलं की गाड्या तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रोटोटाइप पास करून आणावा लागतो, ते कंपन्यांचं काम. आणि 'जिप्सी डोनर (जिचे भाग काढले ती गाडी) आहे तर तिच्याच आरसीवर चालवू' हा विचार डोक्यात असेल तर आताच काढ. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही. त्याच प्रकारचं इंजिन बदलून आरटीओची परवानगी घेणं वेगळं आणि चेसिस कापून दुसरीच गाडी उभी करणं वेगळं.

कोलशेतकर:
हो हो, ते सुरुवातीपासून माहीत आहे, लिहायचं राहिलं. रोडवर काढणारच नाही. मुरबाडला काकांची जागा आहे, आत स्वतःचा रस्ता आहे, टेम्पोत टाकून तिथे नेणार.

रबाळे_मिस्त्री:
मग बरंय. आता कामाचं बोलू.

पद्मिनीचं इंजिन बसेल, उभं आहे, मागे ड्राइव्ह आहे, त्यात चूक काही नाही. पण ओतीव लोखंडाचं धूड, चाळिसेक घोडे, आणि गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. ती सगळी लिंकेज सेव्हनच्या नाकात कुठून फिरवणार? फ्लोअर गिअरला बदलायची तर गिअरबॉक्सपासून कामं निघतात.

जिप्सीचं इंजिन गिअरबॉक्ससकट घे, वेगवेगळं घेऊ नकोस, इंजिन-गिअरबॉक्स जोडतात त्या बेल हाऊसिंगला अ‍ॅडाप्टर प्लेट बनवायच्या फंदात पडलास की लेथवाल्याचा मुलगा तुझ्या पैशांनी इंजिनिअर होईल. जिप्सीत एक सोय अशी की ट्रान्सफर केस (फोर बाय फोरसाठी पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी लटकते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. ती काढून टाकायची आणि गिअरबॉक्सवरून सरळ मागे शाफ्ट न्यायचा. लोकांना वाटतं तिची हाय रेंज म्हणजे डायरेक्ट, तसं नाहीये, जिप्सी किंगमध्ये हायला पण 1.409 चं रिडक्शन आहे, म्हणूनच जिप्सी हायवेला 80 वर एवढी ओरडते. ट्रान्सफर केस गेली की टॉप गिअरला तीच गाडी शांत होते, आणि सेव्हन हलकी असल्याने ओढायला त्रास नाही.

मागची अ‍ॅक्सल मात्र जिप्सीची नको. जड आहे आणि डिफरन्शियल मध्यात नाही, एका बाजूला सरकलेलं आहे, तुझ्या टनेलच्या सरळ रेषेत येणार नाही. आणि इथे ऐक, पद्मिनीची अ‍ॅक्सल बघ. खाली पडलीच आहे, फुकट आहे. आधी रेशो मोज, दोन्ही चाकं उचल, दोन्ही एकदमच एक पूर्ण फेरी फिरव, दुसऱ्याला शाफ्टच्या फेऱ्या मोजायला बसव, खडूने खूण करून. जमत असेल तर बाबांना सांग, गाडी ढकलणार फियाटच आहे.

कार्ब्युरेटरवालं की एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारं) ते तू ठरव. कार्ब 60 बीएचपी, 16 व्हॉल्व्हवालं 80. पण एमपीएफआय घेतलंस तर ईसीयू (तो कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर एकाच गाडीचे पाहिजेत, इमोबिलायझर असेल तर चावी पण तीच. तुकडे जमवलेस तर चेक लाइटकडे बघत दिवाळी जाईल. इंजिन आणायच्या आधी थर्माकोलचं त्याच मापाचं इंजिन बनव आणि फ्रेममध्ये ठेवून बघ. हसू नकोस, मी हसलो होतो, मग दोन पाइप कापून परत जोडले.

सुझुकी_खारघर:
आणि चालू करून दाखवल्याशिवाय घेऊ नको. मी एकदा 'रेडी टू फिट, काम केलेलं' म्हणून हाफ इंजिन घेतलं होतं, दुकानाचं नाव सोड, बाहेरून रंग मारून चकाचक. घरी येऊन खोललं तर दोन नंबर सिलिंडरमध्ये गंजाचा कडा, बोटाला लागत होता. परत गेलो तर म्हणे तुम्हीच पाणी घातलं. सुझुकी असली तरी शेवटी भंगारातलीच.

व्हीटेक_वाशी:
होंडा असती तर गंजली नसती

सुझुकी_खारघर:
झोप.

कोलशेतकर:
अपडेट देतो, दीड महिना झाला.

घोडबंदर काकांचं 118एनईचं बाबांना वाचून दाखवलं. गप्प बसले. रात्री जेवताना एकदम म्हणाले, ती निस्सान होती तरी फिटिंग आपलं होतं. मी काही बोललो नाही, आईने ताटात आणखी भात वाढला.

अ‍ॅक्सलचा रेशो मोजायला मात्र स्वतः खाली आले. मी चाकं फिरवत होतो, ते स्टुलावर बसून खडूची खूण मोजत होते, तीनदा मोजायला लावलं कारण सेक्रेटरी मध्येच येऊन काय चाललंय विचारून गेला. मिस्त्री, जमतंय, अ‍ॅक्सल पद्मिनीचीच घेतोय.

मग कुर्ल्याला गेलो, सीएसटी रोडला. मी एमपीएफआय बघत होतो, वायरिंगसकट मिळत पण होतं. बाबा ईसीयूच्या डबीकडे बघून म्हणाले, याच्यात बिघडलं तर मी काय बघणार? खरं सांगायचं तर 20 घोडे मी तिथेच सोडले. कार्बवालं घेतलं गिअरबॉक्ससकट. दुकानदाराने इंजिन जुन्या टायरवर ठेवलं, बॅटरी लावली, पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन नळी सोडली, तिसऱ्या सेल्फला चालू झालं, रेडिएटर नव्हता म्हणून मिनिटभरच. तेवढ्यात बाबांनी काउंटरवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला लावून पुढून मागे एकेक जागा ऐकत गेले. बंद झाल्यावर दुकानदाराला सांगितलं, तिसऱ्याचा एक टॅपेट ढिला आहे, हजार कमी करा.

सातशे कमी झाले.

आता इंजिन रबाळेला आहे. काल रविवारी मी माउंटिंगची पट्टी कापत होतो आणि फियाटच्या पिशवीतून आणलेला स्वतःचा फीलर गेज घेऊन ते टॅपेट कव्हर खोलून बसले होते. प्रश्न एवढाच की 1.3 कार्बला इनलेट आणि एक्झॉस्टचं क्लिअरन्स थंड इंजिनला किती ठेवायचं, कोणाकडे मॅन्युअल असेल तर ते पान टाका, ते पद्मिनीच्या मापाने लावायला निघालेत.