अकरा ओळींसाठी परक्याचे पॅकेज घ्यावे का?

धागाकर्ता:
मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज (इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरावा असा तयार कोड) त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारावरून काढून घेतले. ‘किक’ या पॅकेजच्या नावावरून त्याचा त्याच नावाच्या कंपनीशी वाद झाला होता आणि एनपीएमने ते नाव कंपनीला दिल्यामुळे त्याने आपली सगळीच पॅकेजेस मागे घेतली. ‘लेफ्ट-पॅड’ अवघ्या अकरा ओळींचे होते. मजकुराच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत अक्षरे भरणे एवढेच त्याचे काम. तरीही जावास्क्रिप्ट कोडचे रूपांतर करणाऱ्या बेबलसारखी साधने त्यावर विसंबून असल्याने जगभरातील बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम, अडले. पुढच्या वर्षी हेच काम करणारे ‘पॅडस्टार्ट’ जावास्क्रिप्टमध्येच आले. जे काम वीस ओळींत होते ते आपणच लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. ओळी मोजून काम सोपे की अवघड हे ठरत नाही. आमच्या एका प्रकल्पात ईमेल तपासणारी एकच रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा जुळवणारे सूत्र) आम्हीच लिहिली होती; तिने अधिक चिन्ह असलेले वैध पत्ते नाकारले आणि तक्रारी येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. तारखांचेही तसेच आहे. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस दिनदर्शिकेतून वगळला. असे अपवाद प्रत्येक विकसकाने स्वतः हाताळायचे का? शिवाय लॉकफाइल (प्रकल्पातील पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल) आवृत्ती पक्की करते, आणि ‘लेफ्ट-पॅड’च्या घटनेनंतर एनपीएमने पॅकेज काढण्याचे नियमही कडक केले.

धागाकर्ता:
तारखांबाबत आपले म्हणणे मान्य आहे; तेथे मीही तयार लायब्ररीच (इतरांनी लिहिलेला कोडसंच) वापरेन. मात्र लॉकफाइल आवृत्ती गोठवते, ती आवृत्ती निर्धोक आहे की नाही हे सांगत नाही. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या एनपीएमवरील पॅकेजच्या मूळ लेखकाने, देखभालीला वेळ नसल्यामुळे, मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे पॅकेज सोपवले. त्या व्यक्तीने जोडलेल्या नव्या अवलंबनात (त्या पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजमध्ये) कोपे या बिटकॉइन पाकिटाला लक्ष्य करणारा कोड दडवलेला होता. ज्यांनी त्या काळात आवृत्ती अद्ययावत केली, त्यांच्या लॉकफाइलने तीच आवृत्ती इमानाने जपली.

प्रतिसाद २:
या उदाहरणात मला वेगळेच दिसते. लाखो लोक वापरत असलेले पॅकेज एकटा माणूस विनामोबदला सांभाळत होता. प्रत्येकाने आपापले वीस ओळींचे तुकडे लिहिल्याने त्याचा भार हलका झाला नसता. ज्या कंपन्या अशा पॅकेजेसवर उत्पादन उभे करतात, त्यांनी देखभालीसाठी पैसे आणि कोड तपासायला माणसे द्यावीत.