तिथीची पाऊणपट
"पारंपरिक ज्ञानात मोजमाप नसतं, नुसते ठोकताळे असतात" हे वाक्य कोकण किनाऱ्यावर कुणाला पटणार नाही. तिथे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पक्ष बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून.

गंमत म्हणजे हा नुसता अंदाज नाही. एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, आणि पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात, म्हणून चंद्रामागे येणारी भरती दर तिथीला तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशोबात ती पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं सरकते. दर तिथीला ३ मिनिटं कमी पडतात, म्हणून पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी भरतं बाराच्या आसपास. तोंडी हिशोबाला एवढी चूक चालते की!

अर्थात हे सूत्र मुंबई-कोकणापुरतंच. खंभातच्या आखातात भरती कित्येक तास उशिरा येते, तिथे ते आपटेल. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला जायचं असेल तर आलेल्या वेळेत सहा तास मिळवा, तेव्हा खाडीला पूर्ण ओहोटी असते.